घरचा कौल आणि मुलांची वाट



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून चार विचार ऐकण्याची गोडी मराठी माणसाला लागली. ही वेळ आणखी एका कारणाने सोयीची आहे. परीक्षा होऊन गेलेल्या असतात. निकाल लागलेले असतात किंवा लागायच्या बेतात असतात. आणि दहावी-बारावीचे मूल असलेल्या प्रत्येक घरात भाताबरोबर एकच प्रश्न शिजत असतो : आता पुढे काय? आज त्याच प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. मुलाने पुढे काय व्हावे हे घर ठरविते, तेव्हा मुलाच्या मनाचे काय होते, हा आमचा विषय.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. घराने या बाबतीत बोलू नये असे सांगायला आम्ही आलेलो नाही. ज्या घराने मुलाला सोळा-सतरा वर्षे वाढविले, त्याने नेमक्या मोक्याच्या वेळी गप्प बसावे, हे शहाणपणाचेही नाही आणि शक्यही नाही. 'तुला काय करायचे ते कर' असे म्हणून हात झटकणारा बाप मुलाला स्वातंत्र्य देत नसतो. तो त्याला वाऱ्यावर सोडीत असतो. आमचे म्हणणे एवढेच, की सल्ला आणि हुकूम यांत फार अंतर आहे, आणि आपल्या घरांतून हुकूम बहुधा सल्ल्याचे कपडे घालून वावरतो. कोकणात आपण देवाला कौल लावतो. घर बांधायचे असो, लग्न जुळवायचे असो, मूर्तीला फुले लावून 'उजवे की डावे' म्हणून विचारतो. देवालाही आपण विचारतो. पण ज्याचे सारे आयुष्य त्या वाटेने जायचे, त्या मुलाला मात्र विचारीत नाही. घरचा कौल आधीच लागलेला असतो.

ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राची आहे. पण न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर तिला एक निराळा पीळ पडला आहे, आणि तो उलगडल्यावाचून येथल्या मुलांचे मन कळणार नाही.

न्हावा हे पनवेल तालुक्यातले आणि शेवा हे उरण तालुक्यातले, अशी ही खाडीकाठची दोन गावे. भाताची खाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर या भागातल्या आगरी-कोळी माणसाचा संसार चाले. मुलाने काय व्हावे हा प्रश्न त्या काळी फारसा उद्भवतच नसे. बापाचे जाळे मुलाच्या खांद्यावर येई, बापाचे खाचर मुलाच्या नांगराखाली येई. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मागोमाग बंदर आले. जुने शेवे उठले आणि तिथली माणसे दुसरीकडे वसविली गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला. १६ आणि १७ तारखेला दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून निघाले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. हा इतिहास येथे बसलेल्या मंडळींना आम्ही सांगावा असे नाही. तो आम्ही काढला, तो त्याची जी बाजू घराच्या आत उमटली तिच्यासाठी.

जमीन गेली तेव्हा घराच्या हाती तीन गोष्टी आल्या : पैसा, भूखंडाचा हक्क आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला. पैसा कसा आला आणि कसा गेला, हे ज्याचे त्याला ठाऊक. भूखंडाचे वाटे भावाभावांत पडले. दाखल्याची मात्र वाटणी होत नाही. शासनाच्या वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी जे पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा लाभ बाधित कुटुंबातल्या एकाच माणसाला घेता येतो. घरात तीन मुले असली तर दाखल्यावर नाव एकाचे. ते कोणाचे, हे वडीलधारी मंडळी ओटीवर बसून ठरवितात आणि मुलांना आतून ऐकू येते.

आता त्या तिघांच्या मनात शिरून पाहा. ज्याचे नाव लागले त्याला वाटते, आपल्यासाठी दोन भावंडांनी पाणी सोडले आहे. आता आपल्याला दुसरे काही आवडणे म्हणजे कृतघ्नपणा. ज्यांची नावे लागली नाहीत त्यांना वाटते, घराच्या हिशेबात आपण नव्हतोच. कोणी कोणाला वाईट बोललेले नसते. बापाने पक्षपातही केलेला नसतो. जो थोरला, किंवा जो अभ्यासात मागे आणि म्हणून ज्याची काळजी अधिक, त्याचे नाव त्याने सरळ मनाने लावलेले असते. तरीसुद्धा तिन्ही मुले मनात काही तरी दाबून उठतात.

याहूनही खोल गोष्ट अशी, की ज्या घराची जमीन गेली त्या घराला मुलाची नोकरी ही नुसती नोकरी वाटत नाही. ती गेलेल्या जमिनीची भरपाई वाटते. 'शेती गेली ती गेली, पण पोरगा कायम लागला', या एका वाक्यात सबंध पिढीचे समाधान साठलेले आहे. सातबाऱ्यावरून पुसले गेलेले नाव बाप मुलाच्या हजेरीपटावर शोधतो. त्याचे हे दुःख आम्ही हलके मानीत नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आजोबांच्या शेताचे ओझे ठेवले, तर तो चालेल कसा? मुलगा म्हणजे सातबारा नव्हे. त्याच्यावर बोजा चढविताना निदान त्याची सही तरी घेतली पाहिजे.

बरे, जी वाट घर दाखविते ती तरी आज तिथे आहे काय? बंदर सुरू झाले त्या वेळी 'बंदरात चिकटला म्हणजे सुटला' हे खरे होते. पण १९९९ साली येथे पहिले खाजगी टर्मिनल चालू झाले, त्यामागून दुसरी आली, आणि बंदर स्वतः चालवीत होते ते टर्मिनलही २०२२ साली खाजगी चालकाकडे गेले. बंदराचा पसारा कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाने सत्तर लाखांवर कंटेनरांची येथे चढउतार झाली. काम आहे, पण ते गोदामांतून, कंटेनर यार्डांतून, ट्रेलरच्या गाड्यांवर, जहाज कंपन्यांच्या आणि कस्टमच्या दलालांच्या कचेऱ्यांतून विखुरलेले आहे, आणि त्यातले पुष्कळसे ठेक्यावरचे आहे. दरमहा पगार, वर बोनस आणि म्हाताऱ्या वयाची तरतूद, अशी जी 'कायम' नोकरी बापाच्या डोळ्यांसमोर उभी आहे, ती आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. खाडीतला गाळ सरकला, पाण्याची वाट बदलली, आणि तांडेल मात्र जुन्याच खुणांवर होडी हाकतो आहे, असा हा प्रकार. तांडेलाचा अनुभव खोटा नसतो. पण होडी रुतायची ती रुततेच.

काही घरांनी उलटी दिशा धरली. बंदरात काही राहिले नाही, तेव्हा मुलाला डॉक्टर करू. नवी वाट, पण कौल तसाच. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुले बसली, एम.बी.बी.एस.च्या जागा सरकारी-खाजगी मिळून एक लाखाच्या थोड्याच वर. म्हणजे वीसांत एकाला जागा. उरलेल्या एकोणीस मुलांत काही दोष नसतो. हिशेबच तसा आहे. पण साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून क्लासची फी भरलेली असली, तर त्या मुलाला हा हिशेब कोण सांगणार? त्याला एवढेच दिसते, की आपल्या मागे भूखंड गेला.

आता मुलाच्या मनाकडे वळू. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या ८६ तरुणांना त्याने त्यांच्या व्यवसायाविषयी आणि मतांविषयी विचारले आणि त्यांचे गट पाडले. काही जण स्वतः धुंडाळून, अडखळून, मग एका निर्णयाला आलेले होते. काही जणांचा निर्णय पक्का होता, पण तो घरच्यांनी हाती दिलेला होता; त्यांनी तो कधी उलटून पाहिलाच नव्हता. वरवर पाहता हा दुसरा गट मोठा शांत, मोठा शहाणा. आपल्याकडे अशा मुलाला 'गुणी' म्हणतात. पण मनावर ताण येईल असे काम या सर्वांना दिले, तेव्हा स्वतः शोधून ठरविणारे सर्वांत सरस ठरले. आणि हाती दिलेल्या निर्णयावर चालणाऱ्यांचे एक वैशिष्ट्य असे आढळले, की अपयश आल्यावरही त्यांना आपली उडी आवरती घेता येईना. न झेपणारे लक्ष्य ते धरूनच राहिले.

अमेरिकेतल्या तरुणांचे माप आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नये, हे आम्हांला मान्य आहे. आपल्याकडे घर आणि 'मी' यांच्यामध्ये एवढी उंच भिंत नसते, आणि ती नसते हे आपले भाग्यच आहे. तथापि त्या निरीक्षणातले मर्म आपल्याही अनुभवाला पटते. ज्याने वाट स्वतः निवडली तो ठेचाळला तर म्हणतो, वाट चुकली, दुसरी पाहू. ज्याला वाट नेमून दिली तो ठेचाळला तर म्हणतो, मीच नालायक. कारण वाट बदलण्याचा अधिकार त्याचा कधी नव्हताच. परीक्षेतले अपयश त्याच्या दृष्टीने गुणांचे अपयश राहत नाही. ते मुलगा म्हणून अपयश होते.

या अपयशाची किंमत केवढी असू शकते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव घेतला. राज्याराज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता : १,७६४. या प्रत्येकामागे घरचा दबाव होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा घटनेला एकच कारण कधी नसते, आणि दुःखात बुडालेल्या आईबापांकडे बोट दाखविणे हे माणुसकीचे नव्हे. पण या टोकाच्या अलीकडे फार मोठा प्रदेश आहे, आणि त्याची मोजदाद कोणत्याच अहवालात होत नाही. झोप उडालेली मुले, जेवणावरची वासना गेलेली मुले, मित्रांना टाळणारी मुले, परीक्षेच्या आदल्या रात्री पोट धरून बसणारी मुले, आणि 'काय झाले?' म्हटले की 'काही नाही' म्हणणारी मुले, ही सगळी त्या प्रदेशातली. तिथे कोणी मरत नाही. पण धड जगतही नाही.

मुलींच्या बाबतीत तर गोष्ट आणखी निराळी. मुलाला 'हे हो' असे सांगितले जाते. मुलीला 'हे होऊ नकोस' असे. लांबचे कॉलेज नको, रात्रीची पाळी नको, लग्नाला अडेल असे काही नको. दाखल्यावर मुलीचे नाव लावायचा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवतही नाही. येथे आम्हांला कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांनी शिकावे हा हट्ट मुळात पती गोपाळरावांचा होता, आणि तो हट्ट अतिशय कठोर होता. पण स्वतःचे तान्हे मूल गेल्यावर स्त्रियांना स्त्री डॉक्टर का हवी, हे त्यांना स्वतःच्या जखमेतून कळले. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे, बंगालमध्ये, त्या सभेत उभ्या राहिल्या आणि आपण का जात आहोत याची कारणे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. घरची इच्छा आपली होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. पण ती आपली केव्हा झाली? तिची कारणे स्वतःला देता आली तेव्हा. आपल्या मुलाला 'तू हे का करतो आहेस?' असे विचारावे. 'बाबा म्हणाले म्हणून' एवढेच उत्तर आले, तर काम अजून पुरे झालेले नाही असे समजावे.

मुलांच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर हे गरीब घरातले. एवढ्या हालात शिकलेला मुलगा मोठ्या पगारावर चढेल अशी आशा घराने धरली, तर त्यात गैर काय? आगरकरांनी पोटापुरते मिळवून लोकशिक्षणाला वाहून घ्यायचे ठरविले, आणि ते लपविले नाही. परीक्षा होण्याआधीच आईला पत्र लिहून त्यांनी कळविले, की मोठ्या पगाराची आशा माझ्याकडून ठेवू नकोस. घराला अंधारात ठेवून घेतलेले स्वातंत्र्य आणि घराला विश्वासात घेऊन घेतलेले स्वातंत्र्य यांत हा फरक आहे. मुलांनो, 'तुम्हांला काही कळत नाही' असे म्हणून दार आपटणे सोपे. समोर बसून 'माझे असे मन आहे, आणि त्याची ही कारणे आहेत' असे सांगणे कठीण. जे कठीण ते करा.

आणि वडिलांसाठी गदगच्या गुरुराज जोशींचे उदाहरण. शिक्षकाचा पेशा, आणि मुलगा गाण्याच्या वेडाने १९३३ साली घरातून निघून गेला. अकरा वर्षांचे पोर! वडिलांनी शोध घेत घेत त्याला जालंधरहून परत आणले. येथवर कोणत्याही बापाने केले असते तेच झाले. पण पुढे त्या मुलाला कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणे शिकायला मिळाले ते घराच्या संमतीने. ज्याला पळून जाऊन गुरू शोधावा लागला, त्याला घराजवळच गुरू लाभला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. प्रत्येक पळणारा मुलगा भीमसेन होत नाही, हे आम्ही जाणतो. पण मुलगा का पळतो आहे हे एकदा थांबून पाहणे, हे प्रत्येक बापाला जमण्यासारखे आहे.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, निकालानंतर नव्हे, निकालाआधी बोलावे. गुणांचा कागद हाती आला की त्या कागदाचाच आवाज मोठा होतो. मग 'एवढे मार्क आहेत तर सायन्सच घे' यापुढे बोलणे सरकत नाही. शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. हेतू चांगला, पण कल हा कागदावर जेवढा दिसतो त्याहून कामात अधिक दिसतो. म्हणून मुलाला काम दाखवावे. यार्डातला सर्वेक्षक दिवसभर काय करतो, दलालाच्या कचेरीत संगणकापुढे बसलेली मुलगी काय भरते, जहाजावर गेलेला गावातला तरुण सहा-सहा महिने घरापासून कसा राहतो, हे त्या त्या माणसाच्या तोंडून मुलाने ऐकावे. न्हाव्यालाच ट्रेनिंग शिप रहमान ही नाविक शिक्षणाची जुनी संस्था आहे. फुंड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. जानेवारी २०२४ पासून शिवडीचा अटल सेतू आणि उरणची रेल्वे यांनी मुंबई दाराशी आणून ठेवली आहे. मोऱ्याच्या लाँचची वाट पाहत बसलेल्या पिढीपेक्षा या मुलांना दिसणारे क्षितिज मोठे आहे. ते त्यांना बघू तरी द्यावे.

दुसरी गोष्ट, घरचा हिशेब मुलापुढे उघडा मांडावा. किती पैसे आहेत, किती कर्ज झेपेल, कोणाचे आजारपण आहे, हे सोळा वर्षांच्या मुलाला कळते. गरिबीमुळे एखादी वाट बंद असली तर तसे स्पष्ट सांगावे. 'तुला जमणार नाही' असे खोटे सांगू नये. पहिल्याने मूल हळहळेल. दुसऱ्याने ते आतून मोडेल. दाखल्याचेही तसेच. सगळ्या मुलांना, आणि मुलींनाही, समोर बसवून तो वाचावा, नाव कोणाचे आणि का हे बोलावे, आणि ज्यांचे नाव लागणार नाही त्यांच्यासाठी घर काय करणार तेही त्याच बैठकीत सांगावे.

तिसरी गोष्ट, परतीची वाट मोकळी ठेवावी. एक वर्ष गेले म्हणजे आयुष्य गेले असे नाही. भाताचे रोप एका वाफ्यातून काढून दुसरीकडे लावतात, तेव्हाच ते फुटते. शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. आणि मूल फारच मिटून गेलेले दिसले, तर 'नाटके करतो' असे म्हणू नये; ताप आल्यावर नेतो तसे डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो आहे काय, हे विचारण्याचा हक्क तुम्हा प्रत्येकाला आहे.

शेवटी एकच सांगायचे आहे. १९८४ साली या तालुक्यातला शेतकरी कशासाठी रस्त्यावर उतरला? दर अधिक मिळावा एवढ्यासाठीच काय? आम्हांला तसे वाटत नाही. आमच्या आयुष्याचा निर्णय आम्हांला न विचारता दुसऱ्या कोणी तरी कागदावर केला, आणि तोही 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून, याचा तो संताप होता. नकाशावर रेघा ओढणाऱ्यांना वाटत होते, की यात लोकांना काय विचारायचे! तो अपमान ज्या घरांनी सोसला आणि ज्या घरांनी त्याविरुद्ध रक्त सांडले, त्या घरांत आता मुलाच्या आयुष्याचा नकाशा त्याला न विचारता आखला जाऊ नये. येथल्या माणसाला हे पटवून द्यायला मोठ्या ग्रंथांची गरज नाही. 'आम्हांला विचारा' ही मागणी त्याची स्वतःचीच आहे. तीच मागणी आज त्याच्या घरातले मूल, बहुधा न बोलता, त्याच्याकडे करीत आहे. उद्या जेवायला बसाल तेव्हा त्याला एवढेच विचारा : बाला, तुझ्या मनात काय आहे? आणि विचारून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.